चौऱ्याऐंशीवा हिस्सा

ऑक्टोबर २०२२ मध्ये आमच्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या घराचा ठरलेला सौदा मोडला. घेणारं जोडपं हैदराबादचं होतं, कडेवर चार महिन्यांचं बाळ. दोनदा येऊन घर बघून गेले होते. दुसऱ्या खेपेला त्या मुलीने पाळणा कुठे बसेल ते टेप लावून मोजून घेतलं होतं. रक्कम ठरली होती, सात लाख पंचाहत्तर हजार डॉलर. मग त्यांच्या बँकेने आमच्या असोसिएशनला नेहमीची प्रश्नावली पाठवली. त्यात एक प्रश्न असतो: असोसिएशन सध्या एखाद्या कोर्टकेसमध्ये पक्षकार आहे का? मॅनेजमेंट कंपनीने 'हो'च्या चौकटीत खूण केली आणि केसचा नंबर जोडला. चार दिवसांत बँकेचं उत्तर आलं, कर्ज मिळणार नाही. त्या दोघांचे पगार उत्तम होते, क्रेडिट चोख होतं. बँकेने नापास केली होती ती आमची इमारत.

आपल्याकडच्या सोसायटीत वाढलेल्या माणसाला काँडो हा प्रकार समजायला वेळ लागतो. कॅलिफोर्नियात काँडो घेतला की आपल्या मालकीची असते ती भिंतींच्या आतली जागा, बहुतेक ठिकाणी रंगाच्या थरापासून आत. भिंत, छप्पर, जिने, बाहेरचा गिलावा हे सगळं सामायिक, आणि त्या सामायिकात आपला एक न वेगळा करता येणारा हिस्सा. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये ८४ घरं होती, त्यामुळे आमचा हिस्सा चौऱ्याऐंशीवा. हे सगळं सांभाळते ती होमओनर्स असोसिएशन, सगळ्यांच्या तोंडी एचओए. तिचा कारभार १९८५च्या डेव्हिस-स्टर्लिंग कायद्याने चालतो. सामायिक भागाची दुरुस्ती असोसिएशनने करायची, असं तो कायदा सांगतो. असोसिएशन म्हणजे कोणी परकी कंपनी नव्हे, आपणच ८४ जण. तिच्यावर कोणी दावा लावला की तो आपल्यावरच लागतो, एक भागिले ८४ या प्रमाणात.

आमच्यावर दावा लावला होता आमच्या बरोबर खाली राहणाऱ्या बाईंनी.

त्या फिलिपिन्सच्या, निवृत्त नर्स, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. माझी लेक त्यांना 'तिता' म्हणायची. त्यांच्या भाषेत मावशी-आत्याला तेच म्हणतात, आणि मग मीही तेच म्हणायला लागले. लेक लहान असताना मला ऑफिसातून यायला उशीर झाला की ती शाळेतून थेट त्यांच्याकडे जायची आणि चिकटभाताच्या गोड वडीचा तुकडा खाऊन वर यायची. दिवाळीत मी त्यांना चिवडा द्यायचे, नाताळात त्यांच्याकडून डबा वर यायचा. २०२१च्या मध्यावर त्यांनी दावा लावला. म्हणणं एवढंच होतं की इमारतीच्या पश्चिमेच्या भिंतीतून पाणी येतं, त्यांच्या झोपायच्या खोलीत बुरशी धरली आहे, असोसिएशनला तीन वर्षं लिहून कळवलं तरी कोणी भिंत उघडून बघितली नाही. असोसिएशनने सगळी पश्चिम भिंत दुरुस्त करावी आणि त्यांचं नुकसान भरून द्यावं.

दावा लागल्यावर बोर्डाच्या, म्हणजे असोसिएशनच्या निवडलेल्या कमिटीच्या, वकिलाचं पत्र सगळ्या घरांना आलं. केसविषयी आपसात बोलू नये, विशेषतः फिर्यादीशी बोलू नये. बोर्डाला केसची चर्चा बंद दाराआड करायची मुभा कायद्यानेच आहे, त्यामुळे सभेतही काही कळायचं नाही. पत्रात केसविषयी बोलू नका एवढंच होतं. चिवडा देऊ नका असं कुठेही नव्हतं. पण २०२१च्या दिवाळीत मी डबा भरून ओट्यावर ठेवला आणि खाली गेले नाही. भीती वाटली, संकोच वाटला, आणि खरं सांगायचं तर रागही होता. घर विकून नवऱ्याच्या मागोमाग टेक्सासला जायचं आमच्यात ठरायला लागलं होतं, आणि ही केस आडवी येणार हे मला दिसत होतं.

आता २०१८ची गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्या वर्षी बोर्डाने ठराव मांडला होता की पश्चिमेच्या सगळ्या खिडक्या काढून त्यांच्याभोवतीचं वॉटरप्रूफिंग नव्याने करायचं आणि बाल्कन्यांच्या खालचं लाकूड तपासायचं. दर घरामागे जादा वर्गणी ६,२०० डॉलर. इथे वर्षाच्या अंदाजपत्रकाच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त जादा वर्गणी काढायची तर सभासदांचं मत घ्यावंच लागतं. अध्यक्ष सभेत उभे राहिले आणि बर्कलीच्या बाल्कनीची आठवण करून दिली. १६ जून २०१५ला बर्कलीत, आमच्यापासून तासाभराच्या आत असलेल्या गावात, एका इमारतीची बाल्कनी मध्यरात्रीनंतर कोसळली होती. सहा तरुण मुलं गेली, बहुतेक आयर्लंडहून उन्हाळ्यापुरती आलेली. आतलं लाकूड पाण्याने कुजलं होतं. आपल्याही इमारती लाकडाच्याच सांगाड्याच्या आहेत, वरून गिलावा दिसतो म्हणून सिमेंटच्या समजू नका, असं ते म्हणाले. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मीही ऐकलं.

मत गुप्त असतं. मतपत्रिका एका कोऱ्या पाकिटात घालायची, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात, आणि बाहेरच्या पाकिटावर नाव, पत्ता, सही. मोजताना बाहेरचं पाकीट वेगळं करतात, म्हणजे कोणाचं मत काय होतं ते कोणालाच कळत नाही. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून 'नाही'वर खूण केली. त्या वर्षी आम्ही नवी गाडी घेतली होती आणि आमच्या घरात कुठे थेंबभर ओल नव्हती. पाकिटाचा गोंद जिभेने ओला करून चिकटवला, त्याची चव मला अजून आठवते. ठराव पडला.

माझे वडील डोंबिवलीला आमच्या सोसायटीचे चौदा वर्षं सेक्रेटरी होते. तीन मजली इमारत, अठरा बिऱ्हाडं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या बाहेरच्या खोलीत पावतीपुस्तक उघडायचं. बांधकामाच्या खर्चाच्या पाव टक्का सिंकिंग फंड आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधी, हे आकडे मला पाढ्यांबरोबर पाठ झाले होते. फंडाला हात लावायचा नाही म्हणून बाबा लोकांशी भांडायचे आणि वर्गणी थकली तर चपला घालून त्यांच्या दारात जायचे. बाहेरच्या भिंतीतून पावसाचं पाणी येत असेल तर खर्च सोसायटीचा, आतल्या मोरीची गळती असेल तर ज्याची मोरी त्याचा. कोणाचं पाणी हे ठरवायला ते हातात बॅटरी घेऊन वरचं आणि खालचं दोन्ही घर बघायचे. हे सगळं बघत मी वाढले, आणि तरी 'नाही'वर खूण केली.

तिताने बिल्डरवर दावा का लावला नाही, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. मुदत संपली होती म्हणून. कॅलिफोर्नियात बांधकामातल्या लपलेल्या दोषासाठी बिल्डरला कोर्टात खेचायला काम पूर्ण झाल्यापासून जास्तीत जास्त दहा वर्षं मिळतात. आमची इमारत २००५ सालची. दहा वर्षं २०१५ला भरली आणि तोवर कोणी भिंत उघडली नव्हती. त्यानंतर त्या भिंतीला जबाबदार म्हणून उरलो ते आम्हीच. खिडकीभोवती पाणी अडवायला जी पट्टी लावतात ती ज्याने उलटी दुमडली तो गेला, आणि ८४ जणांच्या गळ्यात ती पट्टी पडली.

कर्जाचं गणितही सांगायला हवं, कारण बाहेरून बघणाऱ्याला बँकेचं वागणं हेकटपणाचं वाटतं. इथल्या बँका घरकर्ज देतात आणि बरीचशी कर्जं पुढे फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या संस्थांना विकतात. त्यांचे नियम पाळले नाहीत तर कर्ज विकलं जात नाही, आणि विकलं जाणार नाही ते कर्ज बहुतेक बँका देतच नाहीत. इमारतीच्या मजबुतीशी, सुरक्षिततेशी किंवा तिथे राहता येण्याशी संबंधित दावा चालू असेल तर ती इमारत त्यांच्या यादीतून बाद. कोणी जिन्यावरून घसरून पडला आणि विम्यातून निपटतंय, अशी केस असेल तर चालतं. आमची तशी नव्हती.

शिवाय २०२२च्या जानेवारीपासून चाळणी आणखी बारीक झाली होती. २४ जून २०२१ला फ्लोरिडात सर्फसाइड इथे बारा मजली काँडोची इमारत पहाटे कोसळली आणि ९८ माणसं गेली. तिथल्या इंजिनियरचा धोक्याचा अहवाल २०१८ सालचा होता. दुरुस्ती किती, पैसे कोणी द्यायचे, यावर सभासदांची वर्षं गेली. दीड कोटी डॉलरची जादा वर्गणी अखेर २०२१च्या एप्रिलमध्ये मंजूर झाली आणि पहिले हप्ते भरायची वेळ यायच्या आत इमारत पडली. त्यानंतर फॅनी मेने प्रत्येक काँडोबद्दल विचारायला सुरुवात केली: तातडीची दुरुस्ती राहिली आहे का, राखीव निधीत किती टाकता, कोणी अहवाल दिला आहे का. सर्फसाइडच्या त्या अहवालाचं साल वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून ठेवला. आमचं मतदान त्याच सालचं.

सौदा मोडला त्याच ऑक्टोबरात तीस वर्षांच्या कर्जाचा व्याजदर सात टक्क्यांच्या वर गेला. वर्षाच्या सुरुवातीला तो सव्वातीनच्या आसपास होता. घर घेणारे एकदम ओसरले. नवरा जूनपासून टेक्सासमध्ये ऑस्टिनला, मी आणि लेक फ्रीमाँटला, दोन घरांचा खर्च. भाड्याने देऊन थांबावं असाही विचार झाला. विकण्याआधीच्या पाच वर्षांत दोन वर्षं स्वतः राहिलं असेल तर नफ्यावरच्या करात मोठी सूट मिळते, म्हणजे आणखी अडीच-तीन वर्षं हातात होती. पण केस कधी संपेल ते कोणालाच सांगता येईना. (ती पुढे दीड वर्षाने तडजोडीत मिटली आणि भिंतीचं काम निघालं; तेव्हा हे माहीत नव्हतं.)

एका रविवारी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. कर्ज, प्रश्नावली, फॅनी मे. ते शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "अगं, ते सगळं ठीक. पण तू खालच्यांच्या घरी जाऊन ओल बघून आलीस का?"

मी गेले नव्हते. आणि आता जायला वेगळीच अडचण होती.

इथे घर विकणाऱ्याला एक लांबलचक फॉर्म भरून द्यावा लागतो. घराबद्दल जे जे माहीत आहे ते सांगायचं. छप्पर, नळ, शेजाऱ्यांचे आवाज, आणि सामायिक भागातल्या दोषांविषयी चालू असलेले दावेसुद्धा. कायद्याची मागणी 'माहीत असलेलं' सांगण्याची आहे, शोधून काढण्याची नाही. केस आहे हे आम्ही लिहिलंच होतं, नंबरासकट. आमची एजंट वीस वर्षं या धंद्यात मुरलेली आणि सरळ बाई, तिने मला स्पष्ट समजावलं. "तू खाली जाऊन बघितलंस तर ते तुला माहीत झालं. मग ते लिहावं लागेल. जायचं की नाही ते तुझं तू ठरव." नवऱ्याचं म्हणणं होतं की जाऊ नये. त्याचा स्वभाव लपवाछपवीचा नाही. तो म्हणाला, कोर्टाच्या कागदांत सगळं आहे, घेणाऱ्याने वाचावं, आपण स्वतः होऊन पुरावा कशाला गोळा करायचा.

आठवडाभर मी जिन्यावरून जाताना त्या दारासमोर पावलं उचलून गेले. मग एका संध्याकाळी बेल वाजवली.

तिता मला बघून गप्प उभ्या राहिल्या आणि मग बाजूला झाल्या. घरात शिरल्याबरोबर वास आला. पावसाळा संपल्यावर माळ्यावरची ट्रंक उघडली की येतो तसा, फक्त त्याला शेवट नव्हता. झोपायच्या खोलीतलं कपाट रिकामं होतं, कपडे बाहेरच्या खोलीत सोफ्यावर रचलेले. कपाटाच्या मागची भिंत खालून दोन हात उंचीपर्यंत फुगली होती. रंगाचे पोपडे धरून होते, त्यांच्या कडांना मोहरी सांडावी तसे काळे ठिपके. त्यांच्या वकिलाने आणलेल्या माणसाने बाहेरून गिलाव्याचा एक चौकोन कापला होता, त्याचे फोटो त्यांनी दाखवले. आतला काळा कागद खिडकीच्या कोपऱ्यात फाटलेला. एका फोटोत त्याने लाकडाच्या फळीला स्क्रूड्रायव्हर टोचला होता आणि तो मुठीपर्यंत आत गेला होता, जास्त पिकलेल्या चिकूत बोट जावं तसा.

खोलीत एक यंत्र घरघरत होतं, हवेतला दमटपणा शोषून घेणारं. त्याच्या पोटातली बादली दिवसातून दोनदा भरायची, एकदा रात्रीही उठून ओतावी लागायची. बोलता यावं म्हणून तितांनी ते बंद केलं आणि मी एकदम दचकले. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. कितीतरी महिने रात्री उशीला कान टेकला की जमिनीतून तीच घरघर यायची. मी धरून चालले होते की त्या टीव्ही लावून झोपतात.

निघताना मी त्यांना सांगितलं, २०१८च्या मतदानात मी नाही म्हणाले होते. ते सांगितल्याशिवाय तिथून पाय निघेना. त्या थोडा वेळ हातातल्या फोटोंच्या कडा जुळवत राहिल्या. "मीसुद्धा," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे सहा हजार डॉलर नव्हतेच. आणि तेव्हा भिंत कोरडी होती."

मला वाटतं त्या दिवसानंतर मी 'ती केस' असं म्हणणं सोडलं. तोवर ती माझ्या वाटेतली धोंड होती. आता समोर होती एक निवृत्त बाई, जिने फुप्फुसांच्या आजाराच्या वॉर्डात आयुष्य काढलं आणि आता रात्री उठून स्वतःच्या खोलीतलं पाणी बादलीने ओतत होती. तीन वर्षं तिने पत्रं लिहिली. आम्ही ८४ जणांनी, तिच्यासकट, वर्गणी वाचवली, आणि वाचवलेल्या पैशांचं पाणी एकटीच्या भिंतीत मुरलं. दुसरं काय करायला हवं होतं तिने? दावा लावणं बरोबरच होतं. माझं घर स्वस्तात गेलं तरी बरोबर होतं.

फॉर्ममध्ये मी एक परिच्छेद वाढवला. अमुक तारखेला खालच्या घराच्या झोपायच्या खोलीतल्या पश्चिम भिंतीला ओल आणि बुरशी मी स्वतः पाहिली, यंत्र चालू होतं, बाहेरचा गिलावा कापल्याचे फोटो मला दाखवण्यात आले. कारणाबद्दल अंदाज लिहायचा नाही, डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिही, असं एजंटने बजावलं होतं. नवऱ्याला वाचून दाखवलं. फोनवर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "या चार ओळींचे पन्नास हजार जातील." मी म्हटलं, जातील. त्या रात्री आम्ही भांडलो, मनापासून, दोन्ही बाजूंनी खरं बोलत भांडलो. तो एकटा त्या भाड्याच्या घरात राहून दोन घरांचा खर्च सोसत होता, त्याचंही चुकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सही करून फॉर्म परत पाठवला.

त्यानंतर घर बघायला आले ते रोख पैसेवालेच, कर्जाची वाट बंद असल्यामुळे. दोघांनी कागद वाचून नकार कळवला. एका गुंतवणूकदाराने घरात पाऊल न टाकता सहा लाख चाळीस हजार सांगितले. मग डिसेंबरात एक निवृत्त जोडपं आलं, जवळच्याच गावातलं स्वतःचं मोठं घर विकून आलेलं. ते गृहस्थ भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक करत सगळीकडे फिरले. सात लाख पाच हजारांना ठरलं, १० जानेवारीला व्यवहार पुरा करायचा. शाळेला सुट्टी लागताच लेक ऑस्टिनला गेली. मी आवराआवर करायला मागे राहिले.

३१ डिसेंबरला पाऊस आला. बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, लोकांना तो दिवस अजून आठवतो. सॅन फ्रान्सिस्कोत चोवीस तासांत ५.४६ इंच, १८४९पासूनच्या नोंदींत दुसऱ्या क्रमांकाचा. म्हणजे जवळपास १३९ मिलिमीटर. डोंबिवलीच्या माणसाला जुलैतला एखादा जोराचा दिवस वाटेल. पण इथल्या लाकडी घरांना एवढ्या पाण्याची सवय नाही. संध्याकाळी खोकी बांधता बांधता माझं लक्ष झोपायच्या खोलीतल्या खिडकीकडे गेलं. खालच्या डाव्या कोपऱ्याशी, पंजाएवढा, चहा सांडल्यासारखा डाग. हात लावला, गार आणि मऊ. दहा वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरात.

मोरीखालच्या कपाटातून त्याच दिवशी रंगाचा जुना डबा निघाला होता, त्याच भिंतीचा, अर्धा भरलेला. तो दारापाशी टाकायच्या सामानात ठेवला होता. मी खोलीतून बाहेर आले आणि त्या डब्याकडे बघत उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग डागाचा फोटो काढला, शेजारी पट्टी धरून, आणि एजंटला पाठवला. नववर्षाच्या रात्री साडेदहाला तिचा फोन आला. "भरून दिलेल्या फॉर्मला सुधारणापत्र जोडावं लागेल. हातात पडल्यापासून तीन दिवसांत ते सौदा मोडू शकतात, एक पैसा न गमावता." मी म्हटलं, दे.

२ तारखेला पत्र त्यांच्या हातात गेलं. ३ला दुपारी दोघं आले. बाईंनी डागाला हात लावून बघितला, गृहस्थांनी टकटक केली. मग त्यांनी विचारलं, खाली जाऊन बघता येईल का? मी तितांना विचारून त्यांना खाली नेलं आणि बाहेरच थांबले. पाऊण तास. आतून यंत्र बंद झाल्याचं कळलं, बोलणं ऐकू येत होतं, शब्द नाही. बाहेर आले तेव्हा त्या गृहस्थांच्या हातात गोड वड्यांची छोटी पुडी होती. ते आयुष्यभर बांधकामखात्यात तपासनीस होते, हे मला तेव्हा कळलं. म्हणाले, भिंत उघडल्याशिवाय हे थांबणार नाही, आणि केस चालू आहे म्हणूनच कोणीतरी ती उघडेल. पुढे मोठी जादा वर्गणी येणार हे धरून त्यांनी आणखी बारा हजार कमी केले. सहा लाख त्र्याण्णव हजार. मी तिथेच हो म्हटलं, नवऱ्याला फोन करून विचारायलाही थांबले नाही.

कागदपत्रांची निळी फाइल मी त्यांच्यासाठी ओट्यावर ठेवली. बोर्डाची पत्रं, सभांची इतिवृत्तं, वर्गणीच्या पावत्या, तारखेने लावलेली. २०१८च्या ठरावाचा मसुदाही त्यात घातला, ६,२०० आकड्याखाली पेनने रेघ मारून. फाइलवर चिकटवलेल्या चिठ्ठीत बोर्डाच्या पुढच्या सभेची तारीख लिहिली.

९ जानेवारीला पुन्हा पाऊस होता. घर रिकामं, पलंग आधीच गेलेला. मी जमिनीवर सतरंजी अंथरून झोपले. खिडकीखाली जुना टॉवेल घडी करून ठेवला होता. दिवा मालवला आणि खालून ती घरघर यायला लागली. मी कान जमिनीला लावून पडून राहिले. दोनच्या सुमाराला ती थांबली. तिता बादली रिकामी करायला उठल्या असणार. नळ वाजला, पावलं ऐकू आली. मग यंत्र पुन्हा सुरू झालं.